बिनबॉलचं बघणारा मल्लूआण्णा

बावीस माणसं एका बॉलमागं पळतात, त्यात बघायचं काय, असं कुणी शहाणं म्हणालं की माझं डोकं अजून सणकतं. परवा आमच्या जावयानंच विचारलं. जावई म्हणून सोडून दिलं, दुसरा कुणी असता तर चहाचा कप हातातनं काढून घेतला असता. पण त्याच्या त्या बोलण्यानं मला मल्लूआण्णा आठवला. आण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या घरात हाच प्रश्न पंचवीस वर्षं रोज भाकरीबरोबर वाढला जायचा. आणि आण्णाला त्याचं उत्तर एकदाच देता आलं, ते सुद्धा पोलीस चौकीत.

नाव मल्लाप्पा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा. मी त्याच फौंड्रीत लेथवर. घरं एका गल्लीत, तालीम एक, आणि स्टेडियमवर बसायची पायरीही एकच. लिंगायत घर, आई चिकोडीकडची. आण्णा चिडला की कानडीत चिडायचा, पण चिडायचा वर्षातनं दोनदा.

आमच्याकडं कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले, त्यामुळं पोरगं जन्माला आलं की ते कुठल्या तालमीचं हे बारशाच्या आधी ठरलेलं. आमची पिंपळ तालीम. समोरची हौद तालीम. मध्ये एक रस्ता आणि दोन पिढ्यांची खुन्नस. स्टेडियमवर त्यांच्या पायऱ्या वेगळ्या, आमच्या वेगळ्या. मधल्या लोखंडी कठड्याला नुसता हात लावला तरी दोन्हीकडनं शिव्यांचा पाऊस.

आण्णानं मात्र आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. अंगानं जड, चाल गाभण म्हशीची. पण मॅच चारला असली की हा तीनला जाऊन पायरीवर गोणपाट टाकून बसणार. खिशात भाजक्या शेंगा. त्या मध्यंतरापर्यंत फोडायच्या नाहीत, कारण फोडताना शेंगेकडं बघावं लागतं! शिट्ट्या नाहीत, नाचणं नाही, पंचाच्या आईबहिणीचा उद्धार नाही. मॅच सुरू असताना एक अक्षर बोलायचा नाही. मी शेजारी बसून घसा फोडायचो आणि हा देवळात बसल्यासारखा.

आणि गंमत अशी की तो बॉलकडं बघायचाच नाही. आम्ही सगळे बॉलबरोबर माना फिरवायचो, इकडं-तिकडं, आणि आण्णाची मान भलतीकडंच. एकदा मी वैतागून विचारलं, "आण्णा, तुम्ही बघताय तरी काय?"

"बॉल सगळीच बघत्यात की दत्त्या," आण्णा म्हणाला. "त्यो काय पळून जातोय व्हय? बॉल जिथं न्हाय तिथं बघावं. फुडचं तिथं चाललेलं असतंय."

वर्ल्डकप आला की आमची अर्धी पेठ ब्राझील आणि अर्धी अर्जेंटिना व्हायची. चौकात टीव्ही लागायचा, निशाणं लागायची. आण्णा दहा मिनिटं बघायचा आणि उठायचा. म्हणायचा, "ह्यो टीव्हीवाला नुसता बॉल दावतोय. बाकीची वीस माणसं काय चुलीत घालायची?"

त्याच्या नजरेचा हिसका आम्हाला एकदा बसला. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी आमची पोरं सरावाला उतरली होती. सराव बघून आण्णा कोचकडं गेला आणि म्हणाला, "आपला डावा बॅक वीस मिनिटांच्या वर टिकणार न्हाय. वळताना उजवा खांदा आधी टाकायलाय. गुडघ्यात कायतरी हाय त्याच्या." कोच हसला. ज्यानं बॉलला लाथ मारली नाही त्यानं कोचला शिकवावं म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी विसाव्या नव्हे, अठराव्या मिनिटाला तो बॅक गुडघा धरून खाली बसला. पट्टा आवळून आठ दिवस दुखणं लपवलं होतं पठ्ठ्यानं, संघातनं काढतील म्हणून. तेव्हापासून दर सोमवारी कोच आमच्या फौंड्रीत यायचा, आणि आण्णा लाकडाच्या फळीवर खडूनं मॅच काढून दाखवायचा. मालकही उभा राहून बघायचा.

एकटी पारूवैनी, आण्णाची बायको, ह्या सगळ्याला भुलली नाही. तिचंही काय चुकलं? तिच्या सख्ख्या बहिणीचं लग्न हुपरीत, आणि त्याच दिवशी मॅच. आण्णानं अक्षता टाकल्या आणि "हात धुऊन आलो" म्हणून जो सटकला तो थेट कोल्हापूरच्या एसटीत. पंगतीत वैनी शेजारचं ताट राखून बसली होती! परत आल्यावर तिनं दारातच गाठलं. तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

"एवढं बघून काय मिळालं तुम्हास्नी? म्या इचारते, काय मिळालं? तुम्ही बघिटलं म्हणून कुणाचं भलं झालं, अशी एक गोष्ट सांगा. एकच. मग मी तोंड उघडणार न्हाय."

दुसरा नवरा असता तर ओरडला असता, नाहीतर हसण्यावारी नेलं असतं. आण्णा खरोखर विचार करत बसायचा. आणि त्याला खरोखर काही सापडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पटाशीला धार लावता लावता मला विचारायचा, "दत्त्या, तुझी वैनी म्हणती त्यात तथ्य हाय काय रं?" मी म्हणायचो, सोडा हो. पण त्यानं कधी सोडलं नाही.

आता त्या फायनलचं सांगतो. नव्वद सालापुढची सात-आठ वर्षं उलटली असतील. पिंपळ विरुद्ध हौद. स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नाही. एक-एक बरोबरी, शेवटची पाच मिनिटं, आणि बॉल आमच्या पायऱ्यांसमोरच्या कोपऱ्यातनं बाहेर गेला. लाईनमननं निशाण दाखवलं: कॉर्नर पिंपळचा. हौदवाले पेटले. त्यांचा एक पोरगा, किरण त्याचं नाव, मधल्या कठड्याला येऊन जाळीवर हात आपटत लाईनमनला शिव्या द्यायला लागला. एवढं सगळ्यांनी बघितलं. मग कॉर्नर उचलला, बॉल हवेत चढला, आणि हजारो माना वर झाल्या.

बॉल खाली आला, सगळ्यांच्या डोक्यावरनं बाहेर गेला. आणि बघतो तर लाईनमन कोपऱ्यातल्या निशाणापाशी आडवा. डोक्यातनं रक्त. शेजारी अर्ध्या विटेएवढा दगड.

मग जो काही दंगा झाला तो झाला. मॅच थांबली, लाठ्या फिरल्या. जाळीपाशी शिव्या देणारा तर समोरच होता. पोलिसांनी किरणला धरला आणि ओढत नेला. "मी न्हाय वो साहेब, मी न्हाय!" म्हणून तो किंचाळत होता, आणि आमच्या पायऱ्यांवरनं दोनशे जण बोट दाखवून ओरडत होते, "त्यानंच मारला! आम्ही बघिटलं!"

एकानंही बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आण्णा फौंड्रीत आला तो पांढराफटक. पटाशी उचलायचा आणि खाली ठेवायचा. शेवटी मला बाजूला घेतलं.

"दत्त्या, दगड आपल्या संज्यानं मारला."

संज्या म्हणजे आमच्या तालमीचा हलगी वाजवणारा पोरगा. नुकतं मिसरूड फुटलेलं.

"कॉर्नरच्या वक्ताला मी त्यांच्या गोलकीपरकडं बघत हुतो," आण्णा म्हणाला. "संज्या दोन पायऱ्या खाली उभा हुता, मधी आडवा आला. खाली बस म्हणणार, तवर त्याचा हात गेला. गोलकीपरला मारला त्यानं. कमी पडला न् लाईनमनला बसला. किरणचं दोन्ही हात तवा जाळीवरच हुतं."

"आण्णा," मी म्हणालो, "हे मला सांगितलंत ते सांगितलंत. आता गप बसा."

"गप कसा बसू? ते पोरगं आत हाय की."

किरणचं सगळं त्याला कळलं होतं. बाप कागलच्या एमआयडीसीत वॉचमन. पोरगा पोलीस भरतीत उतरलेला. धावण्यात पहिला, लेखी परीक्षाही पास, फक्त चारित्र्याचा दाखला यायचा राहिलेला. लाईनमन दवाखान्यात होता. मंगळवारी दुपारी त्याचा जबाब घेऊन गुन्हा नोंदणार होते. एकदा गुन्हा नोंदला की भरती गेली, वर्दी गेली, सगळं गेलं. हातात एक दिवस होता.

आण्णा दुपारच्या सुट्टीत संज्याकडं गेला. पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "उद्या सकाळपातूर तू आपणहून चौकीत जा. मी संगं येतो. मारायचा हुता एकाला न् लागला दुसऱ्याला, सांगून टाक. तू न्हाय गेलास तर मी जाणार." संज्या रडला, पाया पडला, आणि आण्णाची पाठ वळताच तालमीत पळाला.

संध्याकाळी तालमीत बैठक. आमचे वस्ताद नाना मध्ये बसलेले, भोवती पन्नासेक माणसं, दार लोटलेलं. पंखा सुद्धा बंद केला होता कुणीतरी. मी आण्णाच्या शेजारी बसलो होतो.

"मल्लू, काय बघिटलंस तू?" नानांनी विचारलं.

"संज्याचा हात."

"बॉल हवेत हुता. एवढी दुनिया बॉल बघत हुती. तूच बरा हात बघिटलास?"

"मी बॉल बघत न्हाय, नाना. तुम्हास्नी ठाऊक हाय."

कुणी हसलं नाही. नानांनी आवाज उतरवला. "हे बघ मल्लू. तुला खोटं बोल असं कुणी म्हणंना झालंय. तू फकस्त बघिटलं न्हाय म्हण. आपलं पोरगं हौदवाल्यांसाठी पोलिसाला द्यायचं? तालमीत कधी झालंय असं?"

आण्णा नानांकडं सरकून बसला. मग म्हणाला, "बघिटलं न्हाय म्हणू? मग पंचवीस वर्सं तिथं बसून मी केलं तरी काय, नाना?"

नाना माझ्याकडं वळले.

"दत्ता, तू तर त्याच्या मांडीला मांडी लावून बसतोस. तू काय बघिटलंस?"

"बॉल," मी म्हणालो.

सगळे हसले. बैठक हलकी झाली, दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता खरं सांगायला हरकत नाही. लाईनमन पडल्यावर मी संज्याकडं बघितलं होतं. तो हात पँटला पुसत होता. आण्णानं एकदा माझ्याकडं मान वळवली, आणि उठून गेला. त्यानं मला त्यावर कधीही विचारलं नाही. एकदा तरी विचारायला पाहिजे होतं, शिव्या घालायला पाहिजे होत्या कानडीत, मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी त्यांच्या घरात भांडण होणार म्हणून आमचं घर कान लावून होतं. आण्णाचा आवाज आला, "अगं, पेठेत राहायचंय आपल्याला. पोरीचं लग्न करायचंय." म्हणजे घाबरला होता तो. माणूसच होता.

मग वैनीचा आवाज. "न्हाय गेलासा तर फुडच्या मॅचला मी दारात आडवी पडंन, ध्यानात ठेवा. माझ्या भणीच्या लग्नाचं जेवण सोडून बघायला जात हुतासा न्हवं? मग जे बघिटलंय ते सांगून या. त्या पोराची बी आई असंलच की." थोड्या वेळानं, "ह्यो सदरा घाला. त्यो उसवलाय."

मी चौकीपर्यंत त्याच्या मागनं गेलो. आत गेलो नाही, समोरच्या पानपट्टीपाशी उभा राहिलो. आतलं पुढं एका हवालदारानं सांगितलं. साहेबानं आण्णाला विचारलं, "तुम्ही कुठल्या तालमीचे?"

"पिंपळ."

"आणि दगड मारणारा?"

"पिंपळचाच."

"आणि सोडवायला कुणाला आलाय?"

"साहेब, दगड कुणी मारला ते इचारताय का तालमी मोजताय?"

साहेब चपापला. त्यानं आण्णाला खुर्ची दिली, कागदावर स्टेडियम काढायला लावलं. आण्णानं काढलं: निशाण इथं, संज्या इथं, आपण स्वतः इथं, किरण कठड्याला, दोन्ही हात जाळीवर. दोन्ही हात जाळीवर असलेला माणूस दगड मारील कशानं? दुपारच्या आत किरण बाहेर आला. चौकीच्या पायरीवर त्याची आई बसली होती. तिनं आण्णाचे पाय धरले तेव्हा हा जड माणूस इतका गडबडून मागं सरला की कुंडीवर आदळला.

आणि संज्याचं काय झालं? काही नाही! लाईनमन मोठ्या मनाचा निघाला. पोरगं आहे, माफी मागू दे म्हणाला. संज्याला वर्षभर मैदानात यायला बंदी आली, एवढंच. ना गुन्हा, ना कोर्ट. कुणाचं काडीचं वाकडं झालं नाही. मला वाटलं, चला, सुटलो, आता सगळे विसरतील.

विसरतात कसले! तालमीनं ठराव केला नाही, कुणी आण्णाला एक शब्द वाकडा बोललं नाही. पुढच्या मोसमात आण्णा तीन वाजता येऊन बसला, आणि त्याच्या भोवतीची जागा रिकामी राहिली. खच्चून गर्दी, माणसं एकमेकांच्या मांडीवर, आणि आण्णाभोवती चार हात पायरी मोकळी. कोच सोमवारचा यायचा बंद झाला. मी? मी तीन पायऱ्या वर सरकलो. फौंड्रीत त्याच्याबरोबर डबा खायचो, आणि स्टेडियमवर ओळख दाखवायचो नाही. शरम वाटते का? वाटते. वाटून उपयोग काय!

हौदवाले मात्र एकदा शाल-नारळ घेऊन आण्णाच्या दारात आले. आमच्यात येऊन बसा, पुढची जागा देतो म्हणाले. आण्णानं नारळ परत केला. "मी तुमच्यासाठी न्हाय सांगिटलं. मी पिंपळचा हाय न् पिंपळचाच ऱ्हाणार. आणि तुमचा उजवा बॅक बदला, लई ढिला हाय," एवढं बोलून चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. वैनीनं मात्र शब्द पाळला. मॅचवरनं परत कधी तोंड उघडलं नाही. उलट मॅचच्या दिवशी शेंगा तीच भाजून द्यायला लागली.

अशी सहा-सात वर्षं गेली. मी आण्णाला स्टेडियमवर शेवटचा बघितला तो असाच एका फायनलला. पुन्हा तेच दोघे, पिंपळ आणि हौद. तोवर दंगे वाढले होते, म्हणून मैदानाच्या कडेनं पोलिसांची रांग उभी असायची. बंदोबस्ताच्या पोलिसानं तोंड गर्दीकडं करायचं आणि पाठ मैदानाकडं. वळून मॅच बघायची नाही. त्या रांगेत आमच्या पायऱ्यांसमोर, आण्णाच्या बरोबर खाली, किरण उभा होता. वर्दीत. खांदे भरलेले, हातात काठी. स्वतःच्या तालमीची फायनल पाठीमागं चाललेली आणि हा बघतोय कुणाकडं, तर आम्हा पिंपळवाल्यांच्या बोंबलणाऱ्या तोंडांकडं!

शेवटची दहा मिनिटं राहिली आणि आम्ही गोल केला. सगळ्या पायऱ्या उठल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आण्णा आपल्या मोकळ्या जागेत एकटा बसलेला. किरण दगडासारखा उभा, नुसता जबडा आवळलेला. आमच्या ओरडण्यावरनं त्याला गोल कळला होता, पण कसा झाला, कुणी केला, काही नाही.

आणि आण्णा बोलायला लागला. मॅच सुरू असताना. जाळीकडं झुकून, मोठ्यानं.

"किरण, तुमच्या गोलकीपरची चूक न्हाय रं. त्याला दिसलाच न्हाय, मधी दोघं हुती. आता तुमचं सेंटर झालंय. डावीकडनं चाललाय तुमचा सात नंबर... दिला... मोकळा हाय, मोकळा हाय तुमचा... हां, हुकला. काय बिघडत न्हाय. अजून येळ हाय."

किरण हलला नाही. डोळे समोर, आण्णावर.

आमच्यातला कुणीतरी मागनं ओरडला, "ए आण्णा! कुणाचा हाईस तू? पोलीस त्यांचा हाय त्यो!"

"असू दे की," आण्णा मागं न बघता म्हणाला. "पोराला मैदानाकडं पाठ करून उभं केलंय. कुणीतरी सांगाय पायजे का नको?"

शिट्टी होईपर्यंत आण्णा त्याला सांगत राहिला, एकेक पास, आमचा चुकलेला आणि त्यांचा जमलेला, सगळं खरं खरं. मी तीन पायऱ्या वर होतो. उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसावं असं फार वाटलं, देवाशप्पथ वाटलं. मी बसल्या जागेवरनं ऐकत राहिलो.